पोथीतला निळा ओळखायचा: एक्सआरएफ की रामन?

युरोपातल्या मध्ययुगीन सचित्र पोथीतला निळा तपासायचाय, यंत्र एकच मिळणार, कोणतं घेऊ, असं एका मैत्रिणीने विचारलं.

एक्सआरएफ हे यंत्र क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं सांगतं, रामन लेझरचा प्रकाश टाकून रेणूची ओळख पटवतं. निम्मा निकाल इथेच लागतो. तिथले नेहमीचे निळे तीन: अझुराइट हे तांब्याचं खनिज, अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द हा दगड आणि वोड या झाडाची नीळ. अझुराइटमधलं तांबं एक्सआरएफला क्षणात दिसतं. लाजवर्दातली सोडियम, ॲल्युमिनियम, गंधक ही हलकी मंडळी हवेतून नीट पकडता येत नाहीत. आणि निळीपुढे तर ते यंत्र मुकंच! रामनला मात्र तिघांचे ठसे वेगळे दिसतात. लिंडिसफार्न गॉस्पेल्स या इंग्लंडमधल्या जुन्या सचित्र पोथीतला निळा पूर्वी लाजवर्द समजला जायचा. रामनने ती नीळ असल्याचं दाखवलं.

वेळेत एक्सआरएफ सरस: हातात धरा, मिनिटभरात आकडे. पण क्ष-किरण पान भेदून जातात, त्यामुळे मागच्या पानावरचा रंगही हिशेबात मिसळतो. रामन अगदी बारीक ठिपक्यावर रोखता येतं, मात्र लेझर पडल्यावर चर्मपत्रातून किंवा बांधकातून (रंग चिकटवणाऱ्या द्रव्यातून) निघणारा उजेड कधीकधी संकेत बुडवतो. लेझरची ताकद कमीच ठेवायची. रंग भाजला तर परत येत नाही.

दोन्हींत नमुना खरवडावा लागत नाही. भाडं आपापल्या प्रयोगशाळेत विचारा.

शंभर पानं चाळून तांब्याचा निळा कुठे आहे एवढंच हवं असेल तर एक्सआरएफ. लाजवर्द की नीळ, हा वाद असेल तर रामन. मैत्रिणीचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणून रामन.