ड्राय आइस, द्रव नायट्रोजन की साधा बर्फ: नमुना कशात पाठवायचा?

शुक्रवारी दुपारी उशिरा फोन येतो. "पेशींच्या सहा व्हायल पाठवायच्यात, ड्राय आइसमध्ये चालतील ना?" नमुने साठवण्याचं आणि पाठवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. तरी थेट 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. व्हायलमध्ये, म्हणजे त्या छोट्या झाकणबंद नळ्यांमध्ये, नेमकं काय आहे? तिकडे पोचल्यावर लगेच वापरणार की पुन्हा साठवणार? आणि पेटी दोन दिवस उशिरा पोचली तर?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण थबकतात, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. कुठला पर्याय किती थंड, हे कुठल्याही तक्त्यात सापडतं. त्यातला गारवा संपतो तेव्हा कसा संपतो, हळूहळू की एकदम, हे मात्र तक्त्यात नसतं. खालची तुलना मी त्याच अंगाने केली आहे.

जितकं थंड तितकं सुरक्षित, असं नाही

हा समज आधी बाजूला ठेवू या, कारण यापायी चांगले नमुने वाया जाताना मी पाहिले आहेत. प्लेटलेट्स २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलत्या ठेवतात. त्या फ्रिजमध्ये गेल्या तर त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णाला दिल्यावर शरीर त्यांना भराभर रक्तातून काढून टाकतं. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताच्या लशीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ती लस एकदा गोठली की त्या क्षारांच्या गुठळ्या होतात, आणि वितळल्यावर ती दिसायला ठीक वाटली तरी निकामी झालेली असते. तपासणीची नळी गोठली तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन अहवालच चुकवतं. प्रत्यारोपणासाठीचं हृदय किंवा मूत्रपिंड बर्फात ठेवतात, पण गोठू देत नाहीत. साध्या बर्फातल्या हृदयाला जेमतेम चार ते सहा तास मिळतात, मूत्रपिंडाला साधारण दीड दिवस. गोठवून ही मुदत वाढवता येत नाही, कारण बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात.

अशा गोष्टींसाठी ड्राय आइसचा विचारच करायचा नाही. त्यांचा पट्टा २ ते ८ अंशांचा, नाहीतर त्याहून वरचा.

बर्फ आणि जेल पॅक

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तोवर शून्य अंशाला टिकून राहतो. हा पर्याय सोपा आहे, उशीर झाला तर दयाही दाखवतो. पेटीतलं तापमान चढतं ते सावकाश, आणि बऱ्याच नमुन्यांना काही तासांची चढण सोसते.

धोका उलट्या बाजूने येतो. उणे २० च्या फ्रीझरमधून काढलेला पॅक स्वतः उणे २० लाच असतो. तो व्हायलला चिकटवून ठेवला की पहिल्या तासाभरातच नमुना गोठू शकतो. म्हणून पॅक बाहेर काढून थांबायचं. पृष्ठभागावर घाम येतो, कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, मगच तो पेटीत जायला तयार झाला. घाईत नेमकं हेच थांबणं गळतं. जिथे गोठणं अजिबात चालणार नाही, तिथे मी ५ अंशांच्या आसपास वितळणारे खास पॅक घेतो. ते नीट तयार करून भरले की पेटीचं तापमान शून्याखाली ओढत नाहीत. महाग पडतात, तरी घेतो.

ड्राय आइस आणि ड्राय शिपर समोरासमोर

खरी ओढाताण या दोघांत होते, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो, मागे पाणी उरत नाही. एक किलोमागे सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे साध्या बर्फापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. थर्माकोलची पेटी, त्यात ड्राय आइस, मध्ये नमुना, एवढीच मांडणी. गोठवलेला प्लाझ्मा, सीरम, ऊतींचे तुकडे, आरएनए, प्रथिनं यांच्यासाठी मी बिनदिक्कत हाच निवडतो.

ड्राय शिपर ही वेगळी वस्तू आहे. ॲल्युमिनियमचं भांडं, दुहेरी भिंत, भिंतींमध्ये निर्वात, आणि आत द्रव नायट्रोजन पिऊन धरणारं सच्छिद्र अस्तर. नायट्रोजन ओतला की आधी तो खळखळून उकळतो, तोंडातून पांढरं धुकं जमिनीवर उतरतं. थांबायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा थांबायचं. अस्तर पुरतं भिजायला कित्येक तास, कधी अख्खी रात्र लागते. मग उरलेला सुटा द्रव ओतून टाकायचा. आता हलवलं तरी आत काही हिंदकळत नाही, पण पोकळीतलं तापमान उणे १५० च्या खालीच राहतं. द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश आहे.

उणे ७८ आणि उणे १५० यांत पेशीच्या दृष्टीने इतका फरक का पडतो? शुद्ध पाणी काचेसारखं थिजतं ते उणे १३५ अंशांच्या आसपास. त्याखाली रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते, बर्फाचे स्फटिक वाढत नाहीत, पेशी वर्षानुवर्षं तशीच राहते. त्याच्या वर, ड्राय आइसच्या तापमानालाही, छोटे स्फटिक विरघळून मोठे होत राहतात. मिनिटाला सुमारे १ अंश वेगाने, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रावक) घालून गोठवलेली नेहमीची पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, ड्राय आइसवर दोन-चार दिवस सहसा सोसते. तीच उणे ८० ला महिनोन् महिने पडली तर जगणाऱ्या पेशींची संख्या घसरत जाते.

काचीकरण करून, म्हणजे आतलं पाणी काचेसारखं थिजवून, ठेवलेले भ्रूण आणि बीजांडं यांची गोष्ट तर एकदम वेगळी. त्यांच्यात बर्फ होऊच दिलेला नसतो. १९८५ साली उंदराच्या भ्रूणांवर हे पहिल्यांदा साधलं. ती काच तापली की मऊ होते आणि त्यात स्फटिक धरू लागतात. म्हणून असे नमुने ड्राय आइसमध्ये कधीही पाठवायचे नाहीत, एका दिवसासाठीसुद्धा नाही. समोरच्याला "भ्रूण कोणत्या पद्धतीने गोठवलेत?" हे विचारल्याशिवाय मी पेटीला हात लावत नाही.

आता गारवा संपण्याकडे येऊ. साध्या थर्माकोलच्या पेटीतून दिवसाला साधारण दोन ते साडेचार किलो ड्राय आइस उडून जातो. पेटी, हवामान आणि पेटी किती वेळा उघडली यावर आकडा हलतो. शेवटचा तुकडा असेपर्यंत नमुना गोठलेला असतो. तो उडाला की काही तासांत सगळं वितळतं, आणि अधेमधे सावरायला जागा मिळत नाही. एकदा आमची एक पेटी लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये वाटेत अडकली. उघडली तेव्हा आत कोरडा थर्माकोल होता, एका कोपऱ्यात उलटं पडलेलं नमुन्याचं खोकं, आणि व्हायल हातात धरून तिरकी केली की आतलं गुलाबी माध्यम, म्हणजे पेशींचं पोषणद्रव, सहज वाहत होतं. त्या पेशींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. प्रवासाच्या अंदाजापेक्षा किमान एक दिवस जास्तीचा ड्राय आइस भरायचा, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

खोकं उलटं का पडलं होतं, तेही सांगतो. ड्राय आइस उडतो तशी पेटीत पोकळी होते आणि नमुना खाली घसरतो. म्हणून खाली थर, मध्ये नमुना, वर थर, आणि उरलेली जागा कागदाने गच्च भरायची. बारीक गोळ्या नमुन्याला सगळीकडून बिलगतात पण लवकर उडतात. लाद्या जास्त टिकतात. लांबच्या प्रवासाला मी दोन्ही मिसळून भरतो.

ड्राय आइसचे आणखी दोन त्रास आहेत. एक किलोपासून पाचशे लिटरहून जास्त वायू होतो, त्यामुळे पेटी हवाबंद केली तर ती फुटते आणि बंद गाडीत माणूस गुदमरू शकतो. विमानाने जाताना तो धोकादायक मालाच्या वर्ग ९ मध्ये, युएन १८४५ या क्रमांकाखाली येतो, आणि पेटीवर त्याचं निव्वळ वजन किलोत लिहावं लागतं. दुसरा त्रास दिसत नाही: सैल झाकणाच्या नळीत हा वायू शिरतो, नमुन्यात विरघळतो आणि पीएच खाली आणतो. रबरी कडीची आट्याची झाकणं वापरायची, वरून बंद पिशवी घालायची, आणि पोचल्यावर वितळवण्याआधी नमुना काही काळ उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवून वायू निघून जाऊ द्यायचा.

ड्राय शिपर उशीर जास्त सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. उत्पादक सांगतो ते दिवस भांडं उभं आणि स्वस्थ असतानाचे असतात. आडवं पडलं की थंड वाफ तोंडातून सांडते आणि दिवस झपाट्याने कमी होतात. निर्वातही वर्षांगणिक कमजोर होतो. म्हणून माझा भरवसा वजनकाट्यावर. रिकामं भांडं १० किलो, भरल्यावर १४, चोवीस तासांनी १३.६ असं भरलं, तर ४ किलो नायट्रोजन आहे आणि रोज ४०० ग्रॅम जातो, म्हणजे दहा दिवस. प्रवासासाठी मी त्यातले निम्मेच धरतो. बाहेरच्या अंगावर दव किंवा हिमाचा थर दिसला तर निर्वात गेला आहे, ते भांडं त्या दिवशी पाठवायचं नाही. नायट्रोजन पूर्ण शोषलेला असेल तर ठरलेल्या अटींवर विमानाच्या नियमांत त्याला धोकादायक माल धरत नाहीत. सुटा द्रव आत राहिला तर ही सवलत जाते.

त्याचा तोटा उघड आहे. भांडं महाग, जड, आणि परत मागवावं लागतं. शिवाय भरताना-काढताना हात शिकलेला लागतो, कारण व्हायल बाहेर आल्यावर काही सेकंदांतच तिचं तापमान चढू लागतं.

माझा कौल असा आहे: दुसरी प्रत असलेली, हळू गोठवलेली पेशीरेषा आणि समोरचा तयार बसलेला, तर ड्राय आइस. रुग्णाला परत द्यायच्या पेशी, भ्रूण, बीजांडं, किंवा पुन्हा मिळणारच नाही असं काहीही, तर ड्राय शिपर. यात पैसे वाचवू नयेत.

थंडी टाळता आली तर

हा पर्याय फार कमी जण विचारात घेतात, याचं मला वाईट वाटतं. १९५० च्या दशकात लेस्ली कॉलियर यांनी देवीची लस गोठवून सुकवण्याची पद्धत बसवली. ती लस उन्हातान्हात, विजेविना दूरवर नेता आली, आणि १९८० मध्ये देवीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. डीएनए सुकवून कागदावर साध्या पाकिटातून जातो. जिवाणूंच्या अनेक जाती सुकवून ॲम्प्युलमध्ये, म्हणजे बंद काचेच्या नळीत, वर्षानुवर्षं राहतात. सस्तन प्राण्यांच्या पेशी अशा सुकवता येत नाहीत, पण त्यांनाही एक वाट आहे: वाढत्या पेशींचा फ्लास्क माध्यमाने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावून खोलीच्या तापमानाला पाठवायचा. एक-दोन दिवसांच्या प्रवासाला कित्येक पेशीरेषा हे छान सोसतात.

पोचल्यावर ठेवणार कुठे?

उणे ८० चा फ्रीझर वापरायला सोपा, पण वीज गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही की संपलं. नायट्रोजनच्या टाकीला गारव्यासाठी वीज लागत नाही, पातळी मात्र मोजत राहावी लागते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन वंध्यत्व-उपचार केंद्रांच्या टाक्या एकाच शनिवार-रविवारी बिघडल्या आणि हजारो बीजांडं-भ्रूण धोक्यात आले. त्यातल्या एका ठिकाणी दूरवर सूचना देणारा अलार्म बंद होता. टाकीत नमुना द्रवात न बुडवता वाफेत ठेवावा, असं माझं मत आहे. द्रवातून पेशींच्या एका पिशवीतला हिपॅटायटिस बीचा विषाणू दुसऱ्या रुग्णांपर्यंत गेल्याची नोंद १९९५ मध्ये झाली आहे. द्रव शिरलेली व्हायल बाहेर काढल्यावर फुटू शकते, ते वेगळंच.

शुक्रवारच्या त्या सहा व्हायल एका रुग्णाच्या होत्या, दुसरी प्रत नव्हती, आणि तिकडे शनिवारी घ्यायला कुणी नव्हतं. त्या दिवशी काहीच पाठवलं नाही. रविवारी संध्याकाळी शिपर भरला, सोमवारी सकाळी वजन केलं, तापमान नोंदवणारा लॉगर आत सोडला, चार व्हायल केनमध्ये, म्हणजे व्हायल धरणाऱ्या पट्टीत, उतरवल्या आणि दोन आमच्याच टाकीत ठेवून घेतल्या.