घरगुती पीएम २.५ मीटर, अलिबागकडच्या गावात वापरून

हवेतले पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजायच्या ह्या छोट्या मशीनचे जे रिव्ह्यू दिसतात ते सगळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले, म्हणून समुद्राजवळच्या शेतीच्या गावात ते कसं चालतं ते लिहितेय. आमचं गाव अलिबाग तालुक्यात, एका बाजूला किनारा, मागे भाताची खाचरं, भात निघालं की वाल आणि पांढरा कांदा. मशीन लेझर सेन्सरवालं आहे, आत बारका पंखा हवा ओढतो आणि कणांवर पडून पसरलेल्या उजेडावरून आकडा काढतो. घेतलं बाबांसाठी, त्यांना दमा आहे. समीर ह्या सरकारी ॲपवर मुंबई-नवी मुंबईची हवा कळते पण आमच्या गावात हवा मोजायचं स्टेशन नाही आणि बाबा श्वास घेतात तो इथे.

आधी सेटिंगचं सांगते. स्क्रीनवर मोठा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) दिसतो तो ह्या मॉडेलमध्ये अमेरिकन हिशोबाचा आहे, तो आपल्या सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या, आकड्याशी जुळवू नका. पीएम २.५ साठ असलं तर आपल्याकडे एक्यूआय १००, म्हणजे ‘समाधानकारक’, आणि तिकडच्या हिशोबात तेच दीडशेच्या पुढे जाऊन लाल होतं. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओने २०२१ ला १५ सांगितली. त्यामुळे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की फक्त मायक्रोग्रॅमचा आकडा बघायचा, रंग नाही.

आता समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी मुख्य गोष्ट. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की मशीन जास्त दाखवतं. खाऱ्या हवेतले मिठाचे कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही सेन्सरला धुळीसारखेच दिसतात. पावसाळ्यात बाहेर हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि आकडा मात्र चढलेला असं होतं, तेव्हा घाबरू नका. म्हणून घेताना आर्द्रता दाखवणारंच मॉडेल घ्या, नाहीतर कोकणात ह्याचा अर्धा उपयोग गेला.

खरा उपयोग थंडीत आणि होळीनंतर. डिसेंबर-जानेवारीत रात्री मतलई वारा सुटतो, तोही मंद, जमिनीजवळची हवा गार आणि वरची गरम त्यामुळे धूर वर जातच नाही, चुली, शेकोट्या, पोपटीचा (मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात ती) पेंढा सगळं खालीच तरंगत राहतं. दुपारी खारा वारा आत आला की आकडा भराभर उतरतो. बाबा पहाटे उठून चालायला जायचे कारण सकाळची हवा चांगली असं आपण लहानपणापासून ऐकलेलं, आता ते दुपारी चार वाजता जातात आणि खोकला खरंच कमी आहे, बाकी औषधं डॉक्टरांनी दिलेली तशीच चालू आहेत.

होळीनंतर राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला, सुरुवात होते. शेण, कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (वाळका पाला), वर पेंढा आणि माती टाकून जाळतात, तण मरतं, राख मिळते आणि भाताची रोपं जोमदार येतात, त्यामुळे लोकांना नुसतं जाळू नका सांगून काही होणार नाही. पण जाळतात वारा पडल्यावर, आग हाताबाहेर जाऊ नये म्हणून, आणि नेमका तोच वेळ धूर गावात साचायचा. मशीन अंगणात ठेवलं तेव्हा आकडा काही मिनिटांत तिनशेवर गेला. काकांना दाखवला, ते बाबांना दादा म्हणतात, म्हणाले, “मग आदल्या दिवशी सांगत जाऊ ना, तू दादाला घेऊन खिडक्या लावून बस.” आता आमच्या वाडीत तसं सांगतात, आम्हाला फार आधार झाला. राब न भाजता भात करायचे मार्ग आहेत, नेरळच्या सगुणा बागेतून पुढे आलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत आहे त्यात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, रोपवाटिकाच लागत नाही. काका एका खाचरात करून बघणार म्हणालेत.

घरात सगळ्यात जास्त आकडा कशाने चढला माहितीये, मच्छर कॉइलने. बंद खोलीत बाबांच्या उशाशी रात्रभर जळायची ती. त्याच दिवशी बंद केली, मच्छरदाणी लावली. मला विचाराल तर पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारी पण आहेत. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या भोकात गंज धरायला लागलाय, पंख्याच्या जाळीत बारीक किडे अडकतात, मऊ ब्रशने साफ करावं लागतं. बॅटरी जेमतेम, लाइट गेली की थोड्या वेळात बंद. मॅन्युअल मराठीत नाही. बाहेर कायम ठेवू नका, ओटीवर आडोशाला ठेवा, चुलीपासून आणि फोडणीपासून लांब.

पाच पैकी चार. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर घ्याच, नुसतं कुतूहल म्हणून घेत असाल तर ते पैसे आधी मच्छरदाणीला घाला.