लॉकडाउनमधली विद्यापीठाची फोन-समुपदेशन सेवा : ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याचा अनुभव

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एकवीस वर्षं नोकरी करते. करोनाच्या काळात आमच्या विद्यापीठाने मानसशास्त्र विभागामार्फत फोनवर समुपदेशन सुरू केलं होतं. दोन टप्प्यांत मिळून मी ते अकरा वेळा घेतलं. तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून विद्यापीठाचं नाव देत नाही. पण कुठल्या कॉलेजात असं काही सुरू करायचं घाटत असेल, तर आमचं काय जमलं आणि काय फसलं ते माहीत असावं.

ग्रंथालयाचं काम घरून कसलं, असं पुष्कळांना वाटतं. आमची ई-जर्नल्स, म्हणजे इंटरनेटवर वाचायची संशोधन-नियतकालिकं, एरवी आवारातल्या नेटवर्कवरच उघडतात, कारण प्रकाशकाकडे विद्यापीठाचे आयपी पत्ते (इंटरनेटवर नेटवर्क ओळखण्याचे क्रमांक) नोंदलेले असतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि पीएचडीची मुलं आपापल्या गावी अडकली, कुणी लातूरला, कुणी गडचिरोलीला. वर्गणी भरलेली, पण वाचता येईना. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेची ‘इन्फेड’ नावाची सोय आहे, तिच्यातून घरबसल्या लॉगिन करता येतं. ती खाती उघडून द्यायची, पासवर्ड हरवला की पुन्हा द्यायचा, कुठे क्लिक करायचं ते फोनवर सांगत बसायचं, हे काम माझ्याकडे आलं. सकाळी साडेसहाला पहिला फोन, रात्री अकराला शेवटचा. ‘मॅडम, प्रबंधाचं प्रकरण सोमवारी द्यायचंय हो.’ त्या मुलाला नाही कसं म्हणणार? घर दोन खोल्यांचं. मुलगा दहावीला, सासूबाईंना दमा, आणि माझा लॉपटॉप ओट्याशेजारी गव्हाच्या डब्यावर.

एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन सुरू करायला सांगितलं. २१ जुलैला केंद्र सरकारचा ‘मनोदर्पण’ हा मानसिक आधाराचा उपक्रम आला, त्यात विद्यार्थ्यांबरोबर पालक आणि शिक्षकही होते. आमच्याकडचं पहिलं परिपत्रकही विद्यार्थी आणि शिक्षकांपुरतंच होतं. लिपिक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिपाई, माळी यांचा उल्लेखच नाही. ते वाचून मला फार लागलं. आमच्या कर्मचारी संघटनेने पत्र दिलं, तेव्हा ऑगस्टमध्ये ‘सर्व घटक’ असा शब्द आला. तो आला नसता तर मी फोन केलाच नसता.

पहिला फोन मी गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ बसून केला. खाली घरात सगळ्यांचे कान. पलीकडच्या मॅडमनी नाव, पद काही विचारलं नाही. म्हणाल्या, “तुमचं ऑफिस सुटतं किती वाजता?” मी कामं सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. मला वेळ सांगता येईना. पाच महिने माझं ऑफिस सुटलंच नव्हतं, हे मला तिथे जिन्यात बसल्यावर कळलं.

मग आम्ही मिळून ठरवलं, संध्याकाळी साडेसहा. त्यानंतर आलेल्या फोनला एकच मेसेज, ‘उद्या सकाळी दहाला करते.’ आणि लॉपटॉप नुसता बंद नाही करायचा, झाकायचा. मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, हिरवा, काठ विरलेला. आठवडाभरात त्याच हाक मारायला लागल्या, “साडेसहा झाले गं, झाक आता.” एवढीशी गोष्ट, पण त्या महिन्यात मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले.

दर गुरुवारी चारला तोच आवाज असायचा, ही या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागत नव्हतं. मागच्या वेळी मी मुलाच्या गणिताचं बोलले असेन तर त्या आधी तेच विचारायच्या.

दुसरी लाट आली आणि एप्रिल २०२१ मध्ये आमच्या पुस्तकसाठ्यात काम करणारे काका गेले. वर्गीकरण क्रमांक न बघता पुस्तक नेमकं काढून द्यायचे ते. अंत्यदर्शन नाही, शोकसभा नाही, ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग तेवढी. मी दोन दिवसांत पुन्हा पासवर्ड देत बसले होते. गुरुवारी मॅडम म्हणाल्या, “त्यांच्याबद्दल सांगा ना मला.” मी सांगितलं. धूळ झटकायला ते खिशात पिवळं फडकं ठेवायचे. नव्या मुलांना ‘काय वाचताय?’ असं आधी विचारायचे, पुस्तकाची चिठ्ठी नंतर मागायचे. पाऊण तास मी बोलले आणि रडले. त्यांनी मध्ये एकदाही ‘सकारात्मक राहा’ म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

आता जे फसलं ते. नाव नोंदवायला गुगल फॉर्म होता आणि त्यात कर्मचारी क्रमांक सक्तीचा. माझ्या दोन सहकाऱ्यांनी तेवढ्यासाठीच फॉर्म सोडून दिला. हे आस्थापना विभागात, म्हणजे आमच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे, गेलं तर, ही भीती खोटी कशी म्हणायची? वेळ ठेवली होती अकरा ते पाच, म्हणजे ऐन कामाची. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ मिळायला जानेवारी उजाडला. ताणमुक्तीचे वेबिनार झाले, त्यांना हजेरी सक्तीची आणि हजेरीचा स्क्रीनशॉट पाठवायचा. तीन वेबिनार मी वरणाला फोडणी देता देता ऐकले, त्यातलं एक वाक्य आठवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, २०२२ मध्ये आवार पूर्ण उघडल्यावर ही सेवा गुपचूप बंद झाली. माणसं तेव्हा परत येत होती, रिकाम्या खुर्च्या तेव्हा दिसायला लागल्या होत्या. तेव्हा तर ती जास्त हवी होती.

गुण द्यायचे तर फोनवरच्या समुपदेशनाला पाचपैकी साडेचार, वेबिनारना एक.

आज कुणाला गरज असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. पहिल्या फोनला ‘काय बोलायचं ते ठरवलेलं नाही’ असं म्हटलं तरी चालतं. जिन्यात बसून मी तेवढंच म्हटलं होतं.