एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट व्हायचं की फिजिओथेरपिस्ट?

बायोलॉजी आवडते, व्यायामाचं वेड आहे, पेशंटसोबत काम करायचंय पण डॉक्टर व्हायचं नाहीये, असं म्हणणाऱ्यासमोर फिरून फिरून दोनच नावं येतात, फिजिओथेरपी आणि क्लिनिकल एक्सरसाइज सायन्स, म्हणजे एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट व्हायचा रस्ता. पहिलं सगळ्यांना माहितीये. दुसरं सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे जिम ट्रेनर का?" आणि मग तुम्ही समजावत बसता. हा वैताग डिग्री मिळाल्यावरही संपत नाही, तेव्हा त्याची तयारी आत्ताच ठेवा.

पहिल्या एक-दोन वर्षांचा सिलॅबस बघून ठरवायला गेलात तर काहीच कळणार नाही, कारण अ‍ॅनॅटमी, फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स दोन्हीकडे आहे. फाटा पुढे फुटतो. फिजिओवाला स्नायू, सांधे, नसा यांच्या दुखापतीत खोल जातो, तपासून नेमकं कुठे बिघडलंय ते शोधतो आणि बरंचसं काम हातानं करतो. एक्सरसाइज फिजिऑलॉजीवाला हार्ट, फुप्फुसं, डायबेटिस, किडनी, कॅन्सर अशा लांबणाऱ्या आजारांत जातो आणि त्याचं औषध म्हणजे व्यायाम, तोही डोस ठरवून, किती वेळा, किती जोरात, किती वेळ, आणि कधी अजिबात नाही.

एकच पेशंट धरा, बायपास झालेला. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत छातीला उशी धरून खोकायला शिकवणारा, बेडच्या कडेला बसवणारा, चार पावलं चालवणारा फिजिओ. काही आठवड्यांनी टाके भरले, पेशंट घरी गेला, आता त्याला परत जिने चढायचेत, कामावर जायचंय, पण धाप लागली की हार्टला काहीतरी होईल अशी भीती बसलीये. इथून पुढचे महिने एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टचे. अर्थात ही रेघ काही दगडावरची नाही, बऱ्याच ठिकाणी कार्डिअ‍ॅक रिहॅबही, म्हणजे हार्ट पेशंटला व्यायामातून परत उभं करण्याचा कार्यक्रमही, फिजिओच चालवतात, आणि नोकरी शोधताना हेच टोचतं.

या फील्डची गरज काय हे समजायला अमेरिकेतल्या डॅलसचा १९६६ चा प्रयोग पुरेसा आहे. विशीतल्या पाच धडधाकट पोरांना ३ आठवडे नुसतं बेडवर झोपवून ठेवलं तर त्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, साधारण पाव हिश्शाहून जास्त घसरला. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी परत तपासलं, तर तीन दशकांच्या म्हातारपणानं जेवढी क्षमता खाल्ली होती त्यापेक्षा त्या ३ आठवड्यांनी जास्त खाल्ली होती! त्याच्या आधीच्या काळात हार्ट अटॅक आला की पेशंटला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे, हे लक्षात घ्या.

आता रोजचं काम कसं दिसतं ते बघू, कारण ब्रोशरमध्ये सगळेच हसतमुख असतात. टीएमटी घ्या, म्हणजे पेशंटला ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासण्याची टेस्ट. १२ लीडचा ईसीजी म्हणतात पण अंगावर इलेक्ट्रोड १०च लागतात, आणि ते चिकटवायच्या आधी छातीवरचे केस काढायचे, कातडी घासायची, नाहीतर घाम आला की रेघा नाचायला लागतात आणि काही वाचता येत नाही. ब्रूस प्रोटोकॉल, म्हणजे या टेस्टची एक ठरलेली पद्धत, असेल तर सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग दर ३ मिनिटांनी स्पीड पण वाढतो आणि चढ पण. पेशंट चालतोय, त्याचा दंड हलतोय, पट्टा घरघरतोय, आणि तुम्हाला स्टेथो लावून बीपी ऐकायचंय. लोड वाढवल्यावर वरचं बीपी चढायला पाहिजे, ते उलट १० पेक्षा जास्त उतरलं आणि ईसीजीवरही हार्टला रक्त कमी पडत असल्याची चिन्हं दिसली तर टेस्ट तिथंच बंद. हे सगळं करताना चेहरा शांत ठेवायचा.

बाकीचं काम याच पठडीतलं. बीटा ब्लॉकर, म्हणजे हार्टचे ठोके कमी ठेवणारं औषध, चालू असलेल्याचा पल्स हवा तसा चढतच नाही, त्यामुळे जास्तीत जास्त पल्स काढायचा २२० वजा वय हा फॉर्म्युला गुंडाळून ठेवायचा आणि बोर्गच्या ६ ते २० च्या स्केलवर त्यालाच विचारायचं, किती जड जातंय. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर व्यायाम संपल्यावर काही तासांनी, कधी झोपेतही घसरू शकते, तेही डोक्यात ठेवायचं. ज्यांना औषधं, आकडे आणि शरीर यांचं गणित सोडवायला मजा येते त्यांना फिजिओपेक्षा इथं जास्त रस वाटेल असं माझं मत आहे.

फिजिओचं सुख वेगळं. खांदा वर जात नाही म्हणून आलेला माणूस, सांधा नेमका कुठे अडतोय ते तुमच्या हाताला कळतं, आणि कधी कधी त्याच सेशनमध्ये तो हात थोडा जास्त वर नेतो आणि खूश होऊन जातो. एक्सरसाइज फिजिऑलॉजीत असं सहसा होत नाही. तिथं फरक हळूहळू दिसतो, ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटांत मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त अंतर चालला, एवढाच. आणि समोरचा माणूस व्यायाम टाळण्यात मुरलेला असतो, गुडघा दुखतो, वेळ नाही, पाहुणे आले. त्याच्याशी चिडचिड न करता बोलत राहणं हे अर्धं काम आहे, ज्याला पेशन्स नाही त्यानं इकडे येऊच नये. उलट फिजिओत अंगमेहनत जास्त, स्ट्रोकच्या पेशंटला खुर्चीतून उठवताना भार तुमच्यावरही येतो.

आता खरा मुद्दा, कागदपत्रांचा. इथं फिजिओ सरळ सरळ पुढे आहे. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टला सगळ्या ५० राज्यांत लायसन्स लागतं आणि त्यासाठी डॉक्टरेट लेव्हलची डिग्री करावी लागते, तर क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टला राज्याचं लायसन्स देणारं लुइझियाना हे एकच राज्य, बाकीकडे एसीएसएमचं, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं, सर्टिफिकेशन चालतं. ऑस्ट्रेलियात हे फील्ड त्यातल्या त्यात सगळ्यात मजबूत आहे, डॉक्टरच्या रेफरलवर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टच्या सेशनलाही पैसे देतं, पण वर्षाला पाचच सेशन आणि तीही फिजिओ, डाएटिशियन वगैरे सगळ्यांत मिळून. तिथंही फिजिओची नोंदणी अ‍ॅप्रा या सरकारी रजिस्टरवर होते आणि एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टची एस्सा या व्यावसायिक संस्थेकडे. कोण बिल लावू शकतं, कोणाला रेफरल येतो, दुसऱ्या देशात गेलं की डिग्री ओळखली जाते की नाही, हे सगळं यावरच ठरतं. उद्या कुठे राहणार हे नक्की नसेल तर फिजिओ घ्या, एवढं मी बिनधास्त सांगेन.

डिग्रीच्या नावात मात्र बरेच जण फसतात. एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट सायन्स, क्लिनिकल एक्सरसाइज सायन्स, क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजी, ऐकायला सगळं एकच, पण ३ वर्षांच्या साध्या एक्सरसाइज सायन्सवर ऑस्ट्रेलियात तुम्ही एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट होत नाही, निरोगी माणसांसोबतच काम करता येतं. पेशंटपर्यंत जायला ४ वर्षांची मान्यताप्राप्त डिग्री किंवा वरून मास्टर्स, आणि किमान ५०० तासांचं प्लेसमेंट, म्हणजे नोकरी नव्हे, शिकतानाचं प्रत्यक्ष काम. नावात क्लिनिकल आहे म्हणून खूश होऊ नका, कोर्सचं नाव एस्साच्या मान्यता यादीत शोधा, आणि अ‍ॅडमिशन ऑफिसला एकच प्रश्न विचारा की प्लेसमेंट युनिव्हर्सिटी लावून देते की विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचं. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

फिजिओची डिग्री आधीच हातात असेल आणि हार्ट-लंग्जकडे ओढा असेल, तर परत पहिल्यापासून बॅचलर्स करत बसू नका. क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या मास्टर्सनंतर एसीएसएमला ६०० तासांचा क्लिनिकल अनुभव पुरतो, बॅचलर्सवरून गेलात तर १२०० लागतात. आणि पेशंटला हात लावायचं लायसन्स तर तुमच्याकडे आधीपासूनच असतं, जे नुसत्या एक्सरसाइज फिजिऑलॉजीवाल्याला नंतर सहजासहजी मिळत नाही.