‘गॅस संपलाय, भरावा लागेल’

एसी दुरुस्त करायला आलेला माणूस असं म्हणाला की लगेच हो म्हणू नका. याच एका वाक्यावर आमच्याकडून लागोपाठच्या उन्हाळ्यांत पैसे उकळले गेले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर, दोन कॉइल आणि तांब्याच्या नळ्या यांच्या बंद चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरला तर तोही त्याच वाटेने बाहेर जाणार.

आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने बाहेरच्या युनिटला गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावलं आणि खाली आलेला काटा दाखवला. ‘मॅडम, बघा, गॅसच नाही.’ काटा खरंच खाली होता. पण फिल्टर आणि आतली कॉइल धुळीने चोंदली तरी काटा असाच खाली येतो, हे त्याने सांगितलं नाही. फिल्टर तर उघडूनही पाहिला नाही. सिलिंडर जोडला, थोडा वेळ गॅस सोडला, गार हवा आली. ओटीपी घेऊन तक्रार बंद केली आणि गेला. काही आठवड्यांत पुन्हा नुसता पंखा.

यानंतर जे झालं त्याचा संताप मला फसवणुकीपेक्षा जास्त आहे. जुनी तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद, त्यामुळे नवी नोंदवायची आणि पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं. ‘माणूस निघालाय’, ‘पार्ट मागवलाय’, ‘उद्या नक्की’. घरात सासूबाई हृदयविकाराच्या रुग्ण. त्यांच्या अंगावर ओले पंचे ठेवत मी कंपनीच्या फोनवर ताटकळत होते. हे सांगूनही तिकडून तीच पाठ केलेली वाक्यं ऐकू येत होती.

शेवटी ओळखीतून एक वयस्क मेकॅनिक आले. त्यांनी आधी फिल्टर आणि कॉइल धुतली. मग बाहेरच्या युनिटजवळ वाकून तांब्याच्या नळीच्या जोडावर बोट फिरवलं. बोटाला काळपट, तेलकट मळ लागला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग धरतो. त्यांनी तिथे साबणाचा फेस लावला आणि फ्लेअर नटच्या (नळीचं पसरवलेलं तोंड युनिटला घट्ट बसवणाऱ्या नटच्या) कडेने एकामागून एक बारीक बुडबुडे यायला लागले. पहिला माणूस याच नटापासून वीतभर अंतरावर गेज धरून बसला होता!

त्यांनी नळीचं तोंड कापून ते नव्याने पसरवलं, म्हणजे नवीन फ्लेअर केली, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहिलं, व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली. मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं वजन वाचून तेवढाच गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. गॅस भरणं म्हणतात ते हे. आमचा एसी आर-३२ नावाच्या गॅसचा. हा गॅस पेट घेऊ शकतो आणि तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट भर घालतो. गळक्या नळीत तो पुन्हा पुन्हा ओतत राहणं हा नुसता आमच्या खिशाचा प्रश्न नाही.

ओळखीच्या एका घरी तर साधा कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा विजेचा पार्ट) गेलेला असताना ‘कॉम्प्रेसर उडाला’ म्हणून सांगितलं होतं. बाहेरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर नुसता हुं करून बंद पडतोय, असं असेल तर आधी कपॅसिटर मीटरवर तपासून घ्या. बदललेला जुना पार्टही मागून घ्या.

कंपनीकडे मी लेखी तक्रार करून पैसे परत मागितले आहेत. त्यांच्या बिलावर फक्त ‘गॅस चार्जिंग’ लिहिलंय. कोणता गॅस, किती ग्रॅम, गळती कुठे सापडली, यातलं काहीच नाही. तुम्ही हे तिन्ही लिहून घ्या आणि ते लिहून हातात पडेपर्यंत ओटीपी देऊ नका.