स्टेट बोर्ड की सीबीएसई: पहिली ते दहावी काय शिकवतात आणि कसं तपासतात

आमच्या घरात दोन्ही बोर्डं आहेत. मोठी मुलगी सेमी-इंग्लिशमधून एसएससी झाली, धाकटा पहिलीपासून सीबीएसईला आहे, आता सातवीत. त्यामुळे ॲडमिशनचे दिवस आले की नात्यातले सगळे मलाच विचारतात. परवा धाकट्या जावेचा फोन आला, "ताई, पिल्लूला स्टेटला घालू की सीबीएसईला, एकच काय ते सांगा." मी म्हटलं अगं एका शब्दात नाही गं सांगता येत, आणि मग तासभर बोलत बसले. तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न घरोघरी आहे.

बहुतेक जण दहावीचा निकाल बघून बोर्ड ठरवतात, कुठे जास्त टक्के पडतात वगैरे. माझं मत असं झालंय की त्याने काहीच कळत नाही. एकच उदाहरण घ्या, स्टेटचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता आणि २०१९ ला एकदम ७७.१० वर आला. पोरं काय एका वर्षात ढ झाली का, नाही, त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते २० मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. म्हणजे मार्क कसे द्यायचे ते बदललं की टक्केवारी हलते, पोर तेच असतं. म्हणून बघायचं ते हे की पोराला पहिली ते आठवीत खरंच येतंय की नाही हे तुम्हाला कोण सांगणार, आणि कधी.

आता लहान वर्गांचं. स्टेटला २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, शिक्षक त्याला आकारिक आणि संकलित म्हणतात. आकारिक म्हणजे वर्षभर चालतं ते, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या, रोजचं निरीक्षण, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला ७० मार्क आकारिकला आणि ३० संकलितला, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे आणि सातवी-आठवीला ४०-६०. कागदावर मला ही रचना आजही फार आवडते, सहा-सात वर्षांच्या लेकराला तीन तास पेपर लिहायला बसवायचं नाही, वय वाढेल तसा लेखी परीक्षेचा भाग वाढवायचा, अगदी विचार करून केलंय. शेवटी हातात मार्क नाही, श्रेणी येते, अ-१, अ-२, ब-१ अशी.

पण सगळं त्या एका बाईंवर अवलंबून. मुलीच्या प्रगतिपुस्तकात चौथीत वर्णनात्मक नोंद होती, 'गणितातील क्रिया अचूक करते.' श्रेणी ब-१. मी खूष. पाचवीच्या दिवाळीच्या सुट्टीत सहज तिला गणित घातलं, १५१५ भागिले ५. तिने उत्तर काढलं ३३. मी म्हटलं परत कर, परत ३३. पंधराला पाचने भाग गेला ३, मग १ खाली आला, त्याला भाग जात नाही म्हणून तिने सरळ पुढचा ५ पण खाली घेतला, भागाकारात शून्य लिहायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं, उत्तर ३०३ यायला हवं हे तिला अंदाजानेसुद्धा वाटलं नाही. मी शेजारच्या मुलीचं प्रगतिपुस्तक मागून बघितलं, तर नोंद शब्दाला शब्द तीच. चाळीस मुलांच्या वर्गात बाई तरी काय करणार, पण मला दीड वर्ष उशिरा कळलं याचं वाईट वाटलं ते वाटलंच.

सीबीएसईला आठवीपर्यंत बोर्ड स्वतः परीक्षा घेत नाही, सगळं शाळा ठरवते. बहुतेक ठिकाणी पीरियॉडिक टेस्ट, मग हाफ इयरली, परत टेस्ट, मग ॲन्युअल असं चालतं. तपासलेले पेपर घरी येतात, सही करून परत द्यायचे असतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला. मुलाची चूक मला त्याच आठवड्यात दिसते. तोटा असा की दर दीड-दोन महिन्यांनी घरात परीक्षेचं वातावरण, तिसरीतलं पोर टेस्टच्या आदल्या रात्री रडतंय हे मी बघितलंय, आणि शाळाशाळांत इतका फरक आहे की एका सीबीएसई शाळेवरून दुसरीचा अंदाज बांधूच नका.

पाचवी आणि आठवी आता नीट लक्षात ठेवायच्या इयत्ता. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, ते २०१९ च्या कायदादुरुस्तीने बदललं आणि आपल्याकडे स्टेटला २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला विषयाला ५० मार्क, आठवीला ६०, पास व्हायला ३५ टक्के. नापास झालं तर पुन्हा परीक्षा देता येते, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. बऱ्याच पालकांना हे अजून माहीतच नाही, 'आठवीपर्यंत ढकलतात' याच भरवशावर राहतात. शिवाय सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून तीनदा पॅट चाचणी होते, पायाभूत आणि मग दोन संकलित, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीची. तिचा पेपर राज्यभर एकच असतो, त्यामुळे शाळेच्या श्रेणीपेक्षा मी त्या मार्कांकडे जास्त बघेन. आणि स्कॉलरशिप. चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला हे सरकार मागेपुढे करत आलंय, पण परीक्षा सोडू नका, बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर सोडवताना पोरं जो विचार करतात तो वर्गातल्या स्वाध्यायात होत नाही.

आता शिकवतात काय. 'सीबीएसईचा अभ्यासक्रम अवघड, स्टेटचा सोपा' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि ते अर्धवट आहे. दहावीची गणिताची पुस्तकं शेजारी ठेवून बघा. स्टेटला बीजगणित आणि भूमिती वेगळी. बीजगणितात समीकरणं सोडवायची क्रेमरची निश्चयक पद्धत आहे, अर्थनियोजन नावाचं अख्खं प्रकरण आहे, त्यात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, मुलगी मला विचारत होती आई तुझी एसआयपी कुठल्या एनएव्हीला घेतली, मलाच सांगता येईना. सीबीएसईच्या दहावीत हे नाही. भूमितीत स्टेटला अजून रचना आहेत, वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, कंपासपेटी घेऊन, टोकदार पेन्सिलीने, सीबीएसईने दहावीतून रचना काढून टाकल्यात. विज्ञानात तर अजून गंमत, अभ्यासक्रम कमी केला तेव्हा सीबीएसईच्या दहावीतून आवर्त सारणी आणि उत्क्रांती गेली, आणि आपल्या स्टेटच्या दहावीत आवर्ती वर्गीकरण भाग एकमध्ये आहे, आनुवंशिकता व उत्क्रांती भाग दोनचा पहिलाच धडा आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं, दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या पोराला उत्क्रांती परत कोण शिकवणार.

मग सीबीएसई अवघड कशात, तर प्रश्न विचारण्यात. नववी-दहावीच्या पेपरात निम्मे मार्क काँपिटन्सीवाल्या प्रश्नांना असतात, म्हणजे एक परिच्छेद किंवा तक्ता देऊन त्यावर प्रश्न, असर्शन-रीझन म्हणजे विधान आणि त्याचं कारण पटतं का ते ओळखायचं, केस स्टडी. धडा पाठ असून उपयोग नाही, नवीन परिस्थितीत लावता आला पाहिजे. स्टेटच्या विज्ञानात अजून 'शास्त्रीय कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा' हा जोर आहे, त्याने लिहायची सवय छान लागते, पण पाठांतरावर बरंच निभावतं. उलट भाषेत स्टेट पुढे आहे असं माझं स्पष्ट मत. मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकाच, बघा एकदा, न वाचलेल्या उताऱ्यावर आकलन कृती, स्वमत, काव्यसौंदर्य, उपयोजित लेखन, तिथे गाइड पाठ करून फार मार्क मिळत नाहीत.

आणि इतिहास. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास वर्षभर शिकलेली मुलगी आणि तो जवळपास न शिकलेला मुलगा, माझ्याच घरात. गड बघायला गेलो की फरक कळतो, ती दरवाजाची रचना सांगते, तो मोबाइलवर फोटो काढतो. सीबीएसईला वापरतात त्या एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात आता मराठ्यांवर वेगळं प्रकरण आलंय ही चांगली गोष्ट, पण नऊ वर्षांच्या वयात ऐकलेली गोष्ट आणि तेराव्या वर्षी परीक्षेसाठी वाचलेलं प्रकरण यात फरक आहे. मराठी मात्र २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे, शाळा टाळाटाळ करत असेल तर ठामपणे विचारा.

दहावीच्या परीक्षेचं थोडक्यात सांगते. स्टेटला तीन भाषा, आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्राचे दोन-दोन पेपर, म्हणजे नऊ पेपर, भाषेचा ८० मार्कांचा, बाकीचे ४०-४० चे, प्रत्येक विषयाला शाळेकडचे २०. एकूण ६०० पैकी बेस्ट ऑफ फाइव्ह धरून ५०० वर टक्के काढतात, पासिंग ३५. इंटरमिजिएट ड्रॉइंग किंवा खेळाचे वाढीव मार्कही मिळतात, मुलीला ड्रॉइंगचे मिळाले. सीबीएसईला दोन भाषा धरून पाच मुख्य विषय, पाच पेपर, ८० अधिक २०, पासिंग ३३. गणितात बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन प्रकार, पुढे गणित ठेवायचा जरासुद्धा विचार असेल तर स्टँडर्डच घ्या. २०२६ पासून तिथे वर्षातून दोनदा बोर्ड परीक्षा आहे, पहिली सगळ्यांना द्यावीच लागते, दुसरी ऐच्छिक, तिच्यात जास्तीत जास्त तीन विषय सुधारता येतात. एका दिवशी ताप आला म्हणून वर्ष हुकायची भीती त्याने बरीच कमी झाली. स्टेटलाही पुरवणी परीक्षा आहे आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावी मिळते.

जेईई, नीटसाठी सीबीएसईच पाहिजे का, हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. दोन्ही परीक्षांना एनसीईआरटीची पुस्तकं उपयोगी पडतात हे खरं, पण ती अकरावी-बारावीची, सहावीची नाहीत. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा, तर राज्याच्या अकरावी-बारावीवरच असते, २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी. नववी-दहावी सीबीएसईतून करून अकरावीला स्टेटच्या ज्युनिअर कॉलेजला येणारी मुलं ढीगभर आहेत, आणि मुलगी त्यांच्यासोबत त्याच वर्गात बसते. पहिले तीन-चार महिने ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांत ती मागे होती, त्या मुलांना सवय होती. दिवाळीनंतर तसं काही राहिलं नाही.

अजून एक, स्टेटचा अभ्यासक्रमच आता बदलतोय. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात क्रम दिलाय, २०२५-२६ ला पहिली, नंतर दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, मग पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. म्हणजे आत्ता पहिलीत जाणारं पोर दहावीला पोचेल तेव्हा दोन्ही पुस्तकांतलं अंतर आजच्याइतकं राहणार नाही, त्यामुळे निव्वळ 'अभ्यासक्रम चांगला' म्हणून महिन्याला परवडत नसलेली फी भरू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनसीईआरटीचीही आहेत, दोन्ही उतरवून एका इयत्तेचं एक प्रकरण स्वतः वाचून बघा.

जावेला मी काय सांगितलं, तर त्यांची बदली व्हायची नाही, घरात मराठी, घराजवळ बरी सेमीची शाळा आहे, तर स्टेटला घाल. तिच्या नणंदेच्या यजमानांची नोकरी बँकेतली, दर तीन वर्षांनी राज्य बदलतं, त्यांनी दुसरा विचारच करू नये, सीबीएसई. आणि ज्यांना बोर्ड बदलायचंच आहे त्यांनी पाचवी संपताना बदलावं, सातवीनंतर फार जड जातं, नववीला सीबीएसईचं रजिस्ट्रेशन होतं आणि दहावीत आईवडिलांच्या बदलीसारखं कारण असल्याशिवाय घेत नाहीत. वेळेचंही बघा, तिकडे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्याकडे जूनच्या मध्यात, मधल्या महिन्यांत पोर एकतर घरी बसतं किंवा धावत सुटतं.

शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नंतर बघा, आधी पाचवीची तपासलेली गणिताची एक उत्तरपत्रिका दाखवा म्हणावं, नाव झाकून दाखवली तरी चालेल. नुसती लाल फुली आहे की चूक कुठे झाली तिथे बाईंनी गोल करून काही लिहिलंय, ते बघा. मी दोन शाळांत मागितली होती. एकीने दाखवली, धाकटा तिथे आहे.