बर्म्युडावर रायग्रास: फिनिक्समधला ऑक्टोबर ते जूनचा अनुभव

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उन्हाळ्यात तगणारं लॉन म्हणजे बर्म्युडा, आपली हरळीच. रात्री गारठल्या की ती पिवळी पडते आणि वसंतापर्यंत तशीच राहते. तिच्यावर ऑक्टोबरात पेरलेलं पेरेनियल (बहुवर्षायू) रायग्रास, म्हणजे थंडीत हिरवं राहणारं गवत, आता जूनपर्यंत पाहून झालं आहे. हिवाळाभर रंग गर्द, चमकदार, अगदी पैसे वसूल. गुण कापावे लागतात ते मे-जूनमध्ये.

स्वस्त म्हणून वार्षिक रायग्रास घेऊ नका. त्याचा रंग फिका पोपटी, आणि वाढ इतकी झपाट्याची की कापून दमायला होतं. पेरेनियलचं बी दर १,००० चौरस फुटांना १० ते १२ पौंड, म्हणजे साधारण ५ किलो लागतं.

रात्रीचं तापमान ५५ ते ६५ अंश फॅरनहाइटवर स्थिरावलं की पेरायचं. त्याआधी पेरलं तर हरळी अजून जोरात असते आणि गरम, ओल्या मातीत कोंब बुरशीनं कुजतात. महिनाभर आधीपासून नत्र खत बंद. मोअर (गवत कापायचं यंत्र) दर कापणीला थोडा खाली आणत शेवटी अर्ध्या-पाऊण इंचावर न्यायचा. मातीपर्यंत मात्र खरवडू नका. वसंतात हरळी जमिनीलगतच्या धावत्या खोडांतूनच फुटते.

अर्धं बी लॉनच्या उभ्या दिशेनं, अर्धं आडव्या दिशेनं टाकून वर पाव इंच कंपोस्ट. मग उगवेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी ३ ते ५ मिनिटं पाणी. पाणी वाहिलं की बी खोलगट जागी गोळा होतं. तिथे झुपके येतात आणि बाकी जागा उघडी पडते. ५ ते १० दिवसांत कोंब दिसतात. गवत दोन इंचांवर गेलं की पहिली कापणी, तीही माती जरा सुकवून आणि धारदार पात्यानं. बोथट पातं कोवळी रोपं मुळासकट उपटतं.

काहीच उगवलं नाही, तर बियाण्याला दोष देण्याआधी उन्हाळ्याअखेर तण उगवू नये म्हणून औषध टाकलं होतं का ते तपासा. ते रायग्रासलाही उगवू देत नाही. लॉनची कामं दुसऱ्याकडे दिली असतील तर हे हमखास राहून जातं.

आता मे-जूनचं. रायग्रासचे नवे वाण उष्णता चांगली सोसतात, आणि अडचण तीच आहे: ते हटत नाहीत, खालच्या हरळीला ऊन मिळत नाही. पुढच्या थंडीआधी तिला स्पर्धेविना सुमारे १०० दिवस वाढ हवी असते. म्हणून रात्री ६५ च्या आसपास टिकू लागल्या की मोअर पुन्हा खाली आणायचा. रायग्रास मारायला पाणी तोडू नका. तहान हरळीलाही लागते.

उन्हातल्या दर्शनी तुकड्यावर जरूर पेरा, तेही एक वर्षाआड. झाडाखाली हरळी आधीच विरळ असेल तिथे अजिबात नको. मागच्या अंगणाला लॉनवर फवारायचा हिरवा रंग पुरतो, आणि त्याला रोजचं पाणीही लागत नाही.